कोटणीसांच्या गावातून जिनिव्हाकडे

गेल्या शनिवारी सोलापूरला घरी आलो होतो. भैय्या चौकात, डॉ. कोटणीस स्मारकाजवळ चहा पिताना माझा कॉलेजातला मित्र म्हणाला, "२०२१ मध्ये आपल्या लसी बाहेर पाठवल्या हीच चूक. आधी आपलं बघावं."

च्यायला, जागा तरी बघून बोल! या गावचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, तिथल्या जखमींवर उपचार करताकरता १९४२ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी तिकडेच वारले. आणि २०२१ च्या मार्चनंतर आपण निर्यात थांबवली, तेव्हा कोव्हॅक्सच्या भरवशावर बसलेले गरीब देश वाट बघत राहिले, हे तो सोयीस्कर विसरला. असो.

पण मंडळी, माझं खरं भांडण त्याच्याशी नाही, जिनिव्हाशी आहे. २० मे २०२५ ला तिथं महासाथ करार मंजूर झाला. तीन वर्षं घासाघीस. साथ आली की सहभागी कंपन्यांनी २० टक्क्यांपर्यंत लसी-औषधं जागतिक आरोग्य संघटनेला द्यायची, त्यातली निदान निम्मी फुकट. चांगलंय, हवंच होतं. पण सगळा जोर वाटपावर. ती लस ज्या पोराला टोचायची, त्याच्या अंगात काय आहे?

कुपोषित पोराची प्रतिकारशक्ती कमी. गोवर नाहीतर जुलाब होतात, भूक मरते, वजन आणखी उतरतं, की पुढचा आजार तयार. आमच्या भाषेत इनफायनाइट लूप. जगात पाच वर्षांखालच्या मुलांचे जवळपास निम्मे मृत्यू कुपोषणाशी जोडलेले आहेत. साथ म्हणजे याच लूपवर अचानक आलेला लोड.

आणि आपली तयारी? महाराष्ट्रात २०१५-१६ मध्ये पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं खुरटलेली होती. पुढच्या पाहणीत, म्हणजे २०१९ मध्ये, कोविडच्या तोंडावर, ३५.२ टक्के. चार वर्षांत एक पाऊल मागे! मग टाळेबंदीत अंगणवाड्या बंद, गरम आहाराच्या जागी कोरडा शिधा, आणि अंगणवाडीताई कोविडच्या सर्व्हेला दारोदार. विडी कारखाने बंद पडलेल्या या गावात तो शिधा घरातल्या किती तोंडांत वाटला गेला असेल, तुम्हीच ठरवा.

हे जमत नाही असंही नाही. २००५ मध्ये इथेच राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं, युनिसेफच्या मदतीनं. दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुरटणं २००५-०६ च्या ३९ टक्क्यांवरून २०१२ मध्ये २३ वर आलं. (वयोगट वेगळा आहे, वरच्या आकड्यांतून वजाबाकी करू नका.) त्यात कुठलंही चकचकीत तंत्रज्ञान नव्हतं. रिकाम्या जागा भरणं, वजनं घेणं, पहिल्या हजार दिवसांवर लक्ष. खरं आंतरराष्ट्रीय सहकार्य ते! पण त्याला ना पेटंट, ना फोटो. म्हणून देणाऱ्यांचा हात तिथंच आधी आखडतो. २०२५ मध्ये अमेरिकेनं युएसएड गुंडाळली, तेव्हा तीव्र कुपोषित मुलांसाठीची शेंगदाण्याची पाकिटं तिथल्या कारखान्यांत पडून राहिली. तयार माल! शेंगदाणा चटणीच्या गावात बसून हे वाचताना डोकं फिरतं.

मित्राला शेवटी विचारलं, तुझ्या गल्लीतल्या अंगणवाडीचा वजनकाटा चालू आहे का रे? त्याला अंगणवाडी कुठंय हेच माहीत नव्हतं.

(माझ्या गल्लीतली कुठं आहे ते मलाही घरी येऊन आईला विचारावं लागलं.)