सात टक्क्यांचा पक्ष

निवडणूक हरली की विहाराच्या ओट्यावर कुणीतरी आम्हाला सांगतोच, "वकीलसाहेब, आता नवा पक्ष काढा." काढणे अवघड नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 29-अ, पक्षाची घटना, मतदार असलेल्या निदान शंभर सभासदांची प्रतिज्ञापत्रे, झाली नोंदणी! पण पुढे काय?

2019 ची लोकसभा आठवा. वंचित बहुजन आघाडीला महाराष्ट्रात जवळपास 7 टक्के मते पडली. प्रस्थापितांनी 'बी टीम' म्हणून हिणवले. 1968 चा चिन्ह आदेश मात्र कुणी उघडला नाही. राज्य पक्ष म्हणून मान्यता हवी तर 6 टक्के मतांबरोबर एक खासदार हवा. खासदार नसेल तर 8 टक्के मते हवीत. आघाडीचा स्वतःचा खासदार आला नाही आणि गाडी सातवर अडली. म्हणून चिन्ह दर वेळी मागून घ्यायचे. 2024 च्या लोकसभेला प्रेशर कुकर, त्याच वर्षी विधानसभेला गॅस सिलिंडर. (स्वयंपाकघर तेवढे पूर्ण होत आले!) वस्तीतली आजी चिन्ह बघून बटन दाबते. तिला दर वेळी नवे चिन्ह पाठ करायला लावणारे आपण, आणि मत फुटले की बोल तिलाच लावतो.

विधानसभेला सहा टक्के मतांबरोबर दोन आमदार लागतात. इथेच खरी कोंडी आहे. सहा टक्क्यांसाठी राज्यभर उमेदवार द्यावे लागतात, आमदारांसाठी मोजक्या जागी ताकद ओतावी लागते. 2019 ला आघाडीने दोनशेहून अधिक जागा लढवल्या. आमदार एकही आला नाही.

आम्ही स्वतः एका उमेदवाराचा अर्ज भरला होता. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला विधानसभेची अनामत 5,000 रुपये. ती वर्गणीतून जमली, धुणीभांडी करणाऱ्या बायांनी दहा-दहाच्या नोटा दिल्या. एक षष्ठांश मते मिळाली नाहीत, अनामत गेली. पुढच्या वेळी त्या दारात उभे राहताना आमची जीभ उचलली नाही.

दोष नुसता नियमांचा म्हणाल, तर 1998 विसरून चालणार नाही. काँग्रेसशी समझोता करून रिपब्लिकन ऐक्याचे चार खासदार खुल्या मतदारसंघांतून निवडून गेले. ते ऐक्य कुठल्या चिन्ह आदेशाने मोडले?

तेव्हा बांधवांनो, पक्षाचे नाव आणि झेंडा राहू द्या. आधी ते दोन मतदारसंघ कोणते, ते सांगा, आणि तिथल्या प्रत्येक बूथवर सकाळपासून यंत्र सीलबंद होईपर्यंत कोण बसणार, त्याची यादी आणा. प्रतिज्ञापत्रे आम्ही फुकट करून देऊ.