विश्लेषण : पहिल्या पिस्तुलासाठी भरवशाचे काडतूस कसे निवडावे?

परवान्यावर ‘०.३२ बोअर’ एवढेच लिहिलेले असते, पण या नावाखाली दोन वेगळी काडतुसे मिळतात. चुकीचे काडतूस, जुने काडतूस किंवा ओलसर कपाटात पडून राहिलेले काडतूस ऐन वेळी दगा देऊ शकते. नारपोलीतील एखाद्या नव्या परवानाधारकाने काय पाहावे, काय टाळावे, याविषयी…

भिवंडीतील नारपोली परिसरात एका बाजूला यंत्रमागाचे कारखाने आणि दुसऱ्या बाजूला गोदामांच्या रांगा आहेत. पगाराच्या दिवशी रोकड न्यावी लागते, माल रात्री-अपरात्री उतरतो. अशा व्यवसायातील काहींना स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाना घ्यावासा वाटतो. परवाना मिळाला की कोणते शस्त्र घ्यायचे, यावर महिनाभर चर्चा चालते. काडतुसांचा निर्णय मात्र विक्रेत्याच्या काउंटरवर पाच मिनिटांत उरकला जातो. खरे तर शस्त्र कितीही महागाचे असले, तरी चाप ओढल्यावर काय होणार हे काडतूसच ठरवते.

परवाना काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार बंदूक आणि काडतुसे दोन्हींसाठी परवाना लागतो. नारपोली पोलीस ठाणे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते, त्यामुळे अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो आणि स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे हवे. शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला आणि ते घरी सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली आणि सर्वसाधारण परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे ठेवता येतात.

परवान्यावर शस्त्राचा प्रकार आणि बोअर यांच्यासोबत आणखी एक महत्त्वाची नोंद असते. एका वेळी किती काडतुसे जवळ ठेवता येतील आणि वर्षभरात किती खरेदी करता येतील, याचे आकडे तिथे असतात. विक्रेता प्रत्येक खरेदीची नोंद करतो. हा कोटा हाताशी धरूनच सराव, चाचणी आणि राखीव साठा यांची विभागणी करावी लागते. सगळी काडतुसे ‘वेळेला लागतील’ म्हणून कपाटात ठेवून देणारा परवानाधारक स्वतःच्या शस्त्राला कधीच ओळखत नाही.

‘बत्तीस’ची दोन काडतुसे

भारतात सामान्य नागरिकाला मिळणाऱ्या हातातल्या शस्त्रांमध्ये ०.३२ बोअर सर्वाधिक परिचित. ९ मिमीची लष्करी काडतुसे वापरणारी पिस्तुले प्रतिबंधित गटात मोडतात, त्यामुळे चित्रपटांत किंवा परदेशी व्हिडीओंत दिसणारे ९ मिमीचे सल्ले इथल्या परवानाधारकाच्या उपयोगाचे नाहीत.

पण ‘बत्तीस’ म्हणजे एकच काडतूस नव्हे. रिव्हॉल्व्हरचे काडतूस ‘०.३२ स्मिथ अँड वेसन लाँग’ या जातीचे आहे. ते ७.६५ × २३ मिमी असेही लिहिले जाते. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आणलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर हेच काडतूस वापरते. पिस्तुलाचे काडतूस ‘०.३२ एसीपी’ जातीचे, म्हणजे ७.६५ × १७ मिमी. सरकारी कारखान्यांचे ‘अशनी’ पिस्तूल त्यावर चालते.

दोन्हींच्या नावात ‘०.३२’ आहे आणि दोन्हींत ‘७.६५’ आहे. गफलत होते ती इथेच. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब असते आणि त्याच्या बुडाला बाहेर आलेली स्पष्ट कडा असते. पिस्तुलाचे काडतूस आखूड असते, कारण ते मॅगझिनमधून सरकत वर यायचे असते. पिस्तुलाचे काडतूस काही रिव्हॉल्व्हरच्या घरांत बसतेही. पण त्यात तयार होणारा दाब जास्त असतो. बसले म्हणजे चालेल, असे समजून ते उडवणे म्हणजे स्वतःच्या बोटांशी खेळणे.

त्यामुळे पहिला नियम साधा आहे. शस्त्राच्या नळीवर किंवा सांगाड्यावर कोरलेले काडतुसाचे पूर्ण नाव वाचावे, ते कागदावर लिहून घ्यावे आणि खोक्यावरचे नाव अक्षर न् अक्षर जुळवावे. नुसते ‘बत्तीसची द्या’ म्हणू नये.

काडतुसे बनतात कुठे?

या बाबतीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला. जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळच्या वरणगावचा कारखाना १९६४ चा. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’कडे आले. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुले बनवणारे कारखाने कानपूर येथील वेगळ्या कंपनीकडे गेले.

काडतुसाच्या बुडावर पितळेत कोरलेली अक्षरे म्हणजे त्याचा जन्मदाखला. ‘केएफ’ ही रोमन अक्षरे खडकीची. ब्रिटिश काळातील ‘किर्की फॅक्टरी’ या नावावरून ती आली. अनेक काडतुसांवर जातीचे नाव किंवा वर्षही असते. ज्याच्या बुडावर काहीच नाही, किंवा एकाच खोक्यात वेगवेगळ्या खुणांची काडतुसे आहेत, ते घेऊ नये.

दुकानात काय पाहावे?

काडतुसाचे चार भाग असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडातील ठिणगी देणारी टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. यातला एक जरी बिघडला तरी पुढची साखळी तुटते. म्हणून घेताना काही गोष्टी डोळ्यांनी तपासता येतात.

खोके कंपनीचे, बंद आणि कोरडे असावे. त्यावरचा लॉट क्रमांक आणि उत्पादनाचे वर्ष टिपून ठेवावे. पितळेवर हिरवट थर, खड्डे किंवा चीर नसावी. टोपी बुडाच्या पातळीत नीट बसलेली असावी. ती वर आलेली असेल, तर रिव्हॉल्व्हरचे चक्र अडू शकते. गोळी पुंगळीत घट्ट हवी. बोटाने हलणारी किंवा आत ढकलली गेलेली गोळी धोक्याची. पुंगळीत गोळी आत गेली की दारूसाठीची जागा कमी होते आणि दाब वाढतो.

पावती घ्यावी, परवान्यावरची नोंद समोर वाचून घ्यावी. एकाच लॉटची काडतुसे मिळाली तर उत्तम. यामागचे कारण नेमबाजांकडून शिकण्यासारखे आहे. ५० मीटर रायफल प्रकारात पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे असो किंवा २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकणारी राही सरनोबत, त्यांचा खेळ ०.२२ च्या छोट्या काडतुसावर चालतो. या पातळीच्या नेमबाजीत एकाच कंपनीचे वेगवेगळे लॉट आपल्या शस्त्रातून उडवून पाहतात आणि जो सर्वांत एकसारखा चालेल तो ठेवून घेतात. गोदामाच्या मालकाला दशांश गुणाची पर्वा नसते. पण ‘माझ्या शस्त्रात हा लॉट चालतो’ ही खात्री त्यालाही तितकीच हवी.

चाचणी कुठे आणि कशी?

काडतूस भरवशाचे आहे की नाही, हे उडवल्याशिवाय कळत नाही. गच्चीवर, शेतात किंवा लग्नाच्या वरातीत ही चाचणी होत नाही. आनंदाच्या भरात हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. चाचणीची जागा एकच, नोंदणीकृत रायफल क्लबची रेंज, तीही परवानगीने आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली.

कोट्यातील काही काडतुसे त्यासाठी राखून ठेवावीत. प्रत्येक फेरीनंतर तीन गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक काडतूस पहिल्याच झटक्यात फुटले का, रिकामी पुंगळी अडथळ्याशिवाय बाहेर आली का, आणि आवाज व धक्का दरवेळी सारखाच होता का. पिस्तूल अडकत असेल, तर दोष काडतुसाचा की मॅगझिनचा, हे प्रशिक्षकाकडून तपासून घ्यावे. घरच्या घरी कानशीने घासून ‘दुरुस्ती’ करू नये. रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरण्याच्या फंदातही पडू नये.

गोळी सुटली नाही तर?

चाप ओढला आणि नुसता ‘टक’ आवाज आला, तर नवख्याचा हात पहिल्यांदा शस्त्र वळवून पाहण्याकडे जातो. हीच सर्वांत घातक सवय. काही वेळा टोपी पेटते, पण दारू क्षणभर उशिरा पेट घेते. म्हणून नळी लक्ष्याच्या दिशेने तशीच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबावे आणि मगच काडतूस काढावे.

याहून फसवी परिस्थिती म्हणजे आवाज नेहमीपेक्षा दबका येणे. अशा वेळी गोळी नळीतच अडकलेली असू शकते. मागोमाग दुसरी गोळी उडवली तर नळी फुटते. दबका आवाज आला की थांबायचे, शस्त्र रिकामे करायचे आणि नळी तपासून घ्यायची.

भिवंडीचा पावसाळा आणि चामडी पट्टा

चांगल्या कारखान्यातले काडतूस कोरड्या, थंड जागी अनेक वर्षे टिकते. पण कामवारी नदी आणि खाडीच्या काठच्या भिवंडीत जून ते सप्टेंबर कपाटालाही बुरशी येते. यंत्रमागाच्या कारखान्यातील कापसाची धूळ आणि तेलाचा धूर त्यात भर घालतात.

चामड्याच्या पट्ट्याच्या खोबणीत महिनोन्‌महिने काडतुसे खोचून ठेवणे रुबाबाचे वाटते. चामडे कमावताना वापरलेल्या रसायनांमुळे आणि ओलाव्यामुळे पितळेवर हिरवा थर चढतो. काडतुसाला तेल लावून ठेवणे ही दुसरी चूक. पातळ तेल टोपीच्या फटीतून आत झिरपले तर ठिणगीच पडत नाही. काडतुसे मूळ खोक्यात, हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह ठेवावीत. पावसाळा संपला की एकेक काढून पाहावी. शंकास्पद काडतुसे कचऱ्यात किंवा खाडीत टाकू नयेत. परवानाधारक विक्रेता किंवा पोलीस ठाण्याकडे रीतसर सुपूर्द करावीत.

भरलेले शस्त्र आणि घरातली माणसे

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांना मुंबईतील घरी स्वतःच्याच परवाना असलेल्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. प्रवासाला निघण्याच्या गडबडीत ते कपाटात ठेवताना हातातून निसटले, असे त्यांच्या व्यवस्थापकाने सांगितले होते. त्या पहाटे घरात कोणी चोर नव्हता. काडतूस चोख होते, ते फुटले; चुकले ते शस्त्र भरलेले असणे.

काडतूस जितके भरवशाचे, तितकी सांभाळण्याची जबाबदारी मोठी. घरात शस्त्र रिकामे आणि कुलूपबंद हवे, काडतुसे वेगळ्या कुलपात हवीत. नारपोलीतील दाट वस्तीत पत्र्याची भिंत किंवा पातळ दरवाजा गोळीला अडवत नाही. पलीकडच्या खोलीत कोणाचे तरी मूल झोपलेले असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही. सुटलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब परवानाधारकाला द्यावा लागतो.

स्वस्तातले आमिष

‘बिनपावतीची, पण विदेशी’ काडतुसे देऊ करणारा कोणी ना कोणी भेटतोच. अशा मालाचे वय, साठवण आणि मूळ काहीच ठाऊक नसते, म्हणजे भरवशाच्या कसोटीवर तो पहिल्याच पायरीला बाद होतो. कायद्याचा फटका त्याहून मोठा. प्रतिबंधित गटातील शस्त्र किंवा काडतूस बेकायदा बाळगल्यास किमान सात आणि कमाल चौदा वर्षे कैद होऊ शकते. ज्या परवान्यासाठी महिनोन्‌महिने खेटे घातले, तोही जातो.

भरवसा कशात?

पहिल्या शस्त्रासाठी काडतूस निवडताना ‘जास्त मारक कोणते’ हा प्रश्न चुकीचा आहे. आपल्या शस्त्रावर कोरलेल्या नावाचे, ओळखीच्या कारखान्याचे, पावतीसह घेतलेले, रेंजवर उडवून पाहिलेले आणि कोरडे ठेवलेले काडतूस, हेच भरवशाचे काडतूस. यातली एकही पायरी महागडी नाही, पण प्रत्येकीला वेळ द्यावा लागतो.

व्यवस्थेनेही आपला वाटा उचलायला हवा. आज प्रशिक्षणाचा दाखला सुरुवातीला मागितला जातो. दर पाच वर्षांनी नूतनीकरण होताना परवानाधारकाने शेवटचा सराव कधी केला आणि त्याच्याकडची काडतुसे कोणत्या वर्षाची आहेत, हेही विचारले पाहिजे. जुनी काडतुसे जमा करून घेण्याची सोपी सोय पोलीस ठाण्याच्या पातळीवर असली, तर खराब माल घराघरांत पडून राहणार नाही. आणि ज्याला वर्षातून दोनदा रेंजवर जाण्याइतकी सवड नाही, त्याने गोदामाला चांगले कुलूप, कॅमेरा आणि रात्रपाळीचा पहारेकरी यांवर तोच पैसा खर्च केलेला बरा. त्यात त्याचेही भले आहे आणि शेजाऱ्याचेही.