रानकोंबडा कुठे गेला? एकाच चोराच्या मागे लागू नका

बातमीच्या निमित्ताने राजापूर तालुक्यात फिरताना हल्ली एक प्रश्न मुद्दाम विचारतो. पाचल, ओणी, सौंदळ, आडिवरे, कुठेही. "पहाटे रानकोंबडा ओरडतो काय हो अजून?"

उत्तर बहुतेक सारखंच. "ओरडतो, पण पूर्वीसारखा नाय." आणि लगेच कारणही तयार. बागायतदार म्हणतो, माकडं अंडी खातात. कोणी म्हणतो, फासकीवाल्यांनी संपवला. कोणी म्हणतो, बिबटे वाढले. जुनी माणसं म्हणतात, रानच राहिलं नाही तर कोंबडा कुठून राहील? प्रत्येकाचा चोर वेगळा. आणि प्रत्येकाचा चोर दुसराच कोणीतरी!

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. मानेवर ठिपक्यांची पिसं असलेला आपला हा करडा रानकोंबडा जगात फक्त भारताच्या दक्षिण भागात, द्वीपकल्पात राहतो. पश्चिम घाट आणि कोकण हे त्याचं माहेर. जागतिक यादीत तो अजून 'धोक्यात' नाही, पण संख्या घटते आहे असंच तिथे लिहिलंय. म्हणजे आज तो आहे. म्हणूनच आज बोलायला हवं.

असाच वाद अमेरिकेत चालू आहे, रानटी टर्की या पक्ष्यावरून. 1930 च्या सुमारास तिथे टर्की जेमतेम दोन लाख उरले होते. शिकारीवर बंधनं आणली, नव्या जंगलांत पक्षी नेऊन सोडले, आणि या शतकाच्या सुरुवातीला आकडा साठ लाखांच्या वर गेला. मग अनेक राज्यांत, विशेषतः आग्नेय भागात, पुन्हा घसरण सुरू झाली. तिथेही तेच. कोणी शिकाऱ्याला धरतो, कोणी अंडी खाणाऱ्या प्राण्यांना, कोणी रोगाला, कोणी पावसाला. पण तिथले अभ्यासक एक साधा हिशेब मांडतात: एका मादीमागे किती पिल्लं जगली? मोठे पक्षी किती मेले एवढंच बघून भागत नाही. घरट्यातून आणि पिल्लांतून पुढची पिढीच कमी येते, हे खरं दुखणं.

हाच हिशेब आपल्याकडे लावून बघा.

रानकोंबडीचा विणीचा मुख्य हंगाम फेब्रुवारी ते मे. घरटं जमिनीवर, झुडपाच्या आडोशाला, पालापाचोळ्यात. चार-सहा अंडी. कोंबडी एकटीच साधारण वीस दिवस बसते. पिल्लांना पहिले काही आठवडे वाळवी, किडे-मकोडे लागतात.

आता हेच चार महिने आपण काय करतो? काजू बी गोळा करायला खालची जमीन साफ हवी, म्हणून बेणणी. कोयता होता तेव्हा माणसाला घरटं दिसायचं, तो बाजूने जायचा. ग्रासकटरला ते दिसत नाही. काही ठिकाणी तणनाशक मारतात. तण जातं, तणावरचे किडेही जातात. याच दिवसांत भाजावळ, आणि तिची ठिणगी उडाली की सडाच्या सडा वणव्यात. याच दिवसांत झाडतोड जोरात, कारण पावसाआधी ट्रक बाहेर काढायचा असतो. आपल्या जिल्ह्यात जंगल बहुतेक खासगी मालकीचं, म्हणजे निर्णय तुमच्या-आमच्या सातबाऱ्यावरच होतो. आणि याच दिवसांत नर बांग देतो, स्वतःचा पत्ता सांगतो, आणि बंदुकीला सापडतो.

मग माकड, मुंगूस, घोरपड, डुक्कर निर्दोष का? नाही. अंडी खातातच. पण ते आणि रानकोंबडा हजारो वर्षं एकत्र राहिलेत. आडोसा होता तोवर दोघांचं भागत होतं. आडोसा गेला की अंडं ताटात वाढल्यासारखं उघडं पडतं. त्यात भर गावातून रानात शिरणाऱ्या मोकाट कुत्र्यांची. आणि गावठी कोंबड्यांना राणीखेत लागून त्या मेल्या की आपण त्या उचलून रानाच्या कडेला टाकतो. त्या पुरायला हव्यात. रोगाला कुंपण नसतं.

एक कडू गोष्टही बोलतो. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकला की बातमी होते, मीही करतो. कोंबडा अडकला की रस्सा होतो. मुंबईहून पाहुणे आले की "रानातलं काय मिळेल काय?" ही फर्माईश आपणच हसून पुरवतो. 1972 च्या कायद्याने हा गुन्हा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे.

शेतकऱ्याला शिव्या घालायला ही पोस्ट नाही. काजूवर घर चालतं, हे मलाही कळतं. पण काही गोष्टींना खर्च येत नाही. बेणणी जानेवारीतच उरकता येते. बागेच्या कडेला आणि पऱ्याच्या काठाला दहा-पंधरा फुटांची झुडपं तशीच ठेवता येतात. भाजावळ करताना भोवती पट्टा साफ करून, चार माणसं उभी ठेवता येतात. देवराईत ग्रासकटर न्यायचा नाही, असा ठराव गावकी एका बैठकीत करू शकते.

दुसरं. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ग्रामसभेत ती नोंदवही मागा. रानकोंबड्याचं नुसतं नाव असेल तर भागणार नाही. दरवर्षी मार्चमध्ये ठरलेल्या चार जागी, ठरलेल्या वेळी, किती बांगा ऐकू आल्या आणि जूनमध्ये कोंबडीमागे किती पिल्लं दिसली, एवढं शाळेची पोरंही लिहू शकतात. पाच वर्षं लिहिलं की चोर कोण ते भांडून ठरवावं लागणार नाही.

तुमच्या वाडीत अजून बांग येते का? गावाचं नाव आणि महिना कमेंटमध्ये लिहा. नेमकी जागा मात्र लिहू नका. वाचणारे सगळेच आपले नसतात.