आपलेच रक्त, आपल्याला परत



मोठ्या ऑपरेशनची तारीख ठरली की घरात पहिला प्रश्न निघतो, "रक्ताच्या किती बाटल्या लागतील?" मग भाचे, शेजारी, ऑफिसातले मित्र, सगळ्यांना फोन जातात. भूल देण्यात तीस वर्षे काढल्यावर मला वाटते, डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारावा: "वाहून गेलेले रक्त धुऊन परत देण्याची सोय तुमच्याकडे आहे का?"

पोटातली महाधमनी ही रक्ताची मुख्य वाहिनी. वय, सिगारेट-विडी, रक्तदाब यांमुळे कधी तिची भिंत सैल होते आणि फुगा तयार होतो. पुरुषांमध्ये तो साडेपाच सेंटिमीटरच्या घरात गेला की सहसा ऑपरेशनचा विचार होतो, कारण फुटला तर वेळच मिळत नाही. हल्ली पुष्कळांना जांघेतून स्टेंट घालतात, पण प्रत्येकाला ते जमत नाही. पोट उघडावे लागले, तर वर-खाली चिमटे लावून फुगा कापतात आणि कृत्रिम नळी शिवतात. चिमटे असूनही कण्याकडच्या बारीक धमन्यांतून रक्त येतच राहते. अंगात रक्त जेमतेम पाच लिटर. त्यातले लिटर-दीड लिटर जाणे नवलाचे नाही.

हेच रक्त नळीने ओढून घेतात. गुठळी होऊ नये म्हणून त्यात हेपारिनसारखे औषध मिसळते. गाळणीतून ते यंत्रात जाते, तिथे गरगर फिरून तांबड्या पेशी वेगळ्या होतात, सलाइनने धुतल्या जातात आणि पिशवीत जमा होतात. ती पिशवी तिथल्या तिथे त्याच रुग्णाला लावायची.

एका निवृत्त मास्तरांची केस मला चांगली आठवते. पूर्वी अनेकदा रक्त दिल्यामुळे त्यांच्या अंगात प्रतिपिंडे तयार झाली होती. रक्तपेढीने चौदा पिशव्या तपासल्या, जुळल्या दोन. फुगा तर वाढत होता. यंत्राची व्यवस्था झाली म्हणूनच आम्ही ऑपरेशन हाती घेतले. त्यांच्याच पेशींच्या तीन पिशव्या त्यांना परत मिळाल्या. त्या दोन्ही पिशव्या पेटीत तशाच राहिल्या. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेल्या 'बॉम्बे' रक्तगटाच्या माणसांचीही अडचण अशीच. त्यांना त्याच गटाचे रक्त लागते, आणि ते मिळणे दुर्मीळ.

यंत्राला मर्यादाही आहेत. आतडे फाटून घाण मिसळली असेल किंवा जंतुसंसर्ग असेल, तर असे रक्त सहसा वापरत नाहीत. कर्करोगात डॉक्टर विचार करूनच ठरवतात. एकदाच वापरायच्या नळ्या आणि भांड्याचा संच महाग पडतो, त्यामुळे थोड्या रक्तस्रावासाठी तो खर्च परवडत नाही. शिवाय धुताना रक्त गोठवणारे घटक आणि प्लेटलेट्स निघून जातात. रक्तस्राव फार झाला तर ते रक्तपेढीतूनच आणावे लागतात. म्हणून रक्तदान शिबिराला जाणे मात्र सोडू नका.

घरात कुणाचे असे ऑपरेशन ठरत असेल, तर हा प्रश्न सर्जनना पहिल्याच भेटीत विचारा. पूर्वी रक्त दिले असेल, त्याचा त्रास झाला असेल किंवा गट दुर्मीळ असेल, तर तेही तेव्हाच सांगा. यंत्र, संच आणि ते चालवणारा माणूस यांची जुळवाजुळव करायला दिवस लागतात. आदल्या रात्री ते होत नाही.