हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका

घरी चॉकलेट-गोळ्या करण्याचं वेड सांगली-साताऱ्यात चांगलंच पसरलंय. सिलिकॉनचे साचे खुशाल घ्या. पण सुट्ट्या पुडीतली बिनलेबलाची जेली पावडर? जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं-कातडी उकळून काढलेला पदार्थ! लाल रंगात १२० क्रमांक दिसला तर ते वाळवलेल्या किड्यांचं कार्माइन. चकाकीचं ९०४ म्हणजे शेलॅक, लाखेच्या किड्याचा स्राव. आणि गंमत बघा, मध नि शेलॅक दोन्हींना कायद्याने हिरवा ठिपका चालतो. कायद्याचं शाकाहारी आणि आपलं शाकाहारी एक नव्हे. "घरचंच आहे, चालतं" म्हणणाऱ्यांनी आधी घटक वाचावेत; मी कॉमर्सवाली, बिलाआधी लेबल बघते. पाडव्याच्या साखरगाठीला लाकडी साचा, दोरा नि साखरेचा पाक पुरतो. मग हे बाकीचं कशाला?