विश्लेषण : सिग्नलवर गाडीला मागून धक्का लागला, भरपाई कोण देणार?

सिग्नल सुटतो, पुढची गाडी जेमतेम हलते आणि मागून धक्का बसतो. कोणालाही लागलेले नसते, फक्त बंपर दबलेला असतो. पुढच्या पाच मिनिटांत आवाज चढतात, मागे हॉर्न वाजू लागतात आणि अखेर दोन-पाच हजारांवर ‘मांडवली’ होते. कायदा आणि विमा पॉलिसी या पाच मिनिटांकडे वेगळ्या नजरेने पाहतात. अशा किरकोळ अपघातात जबाबदारी कोणाची, विम्याचा दावा करणे परवडते का आणि रस्त्यावरचा तोडगा कधी अंगाशी येऊ शकतो, याविषयी…

चूक कोणाची, हे कसे ठरते?

पुढील वाहनापासून सुरक्षित अंतर ठेवण्याची जबाबदारी मागच्या चालकाची असते. त्यामुळे मागून धडक बसली की पहिले बोट त्याच्याकडे जाते. मात्र हा अंतिम निकाल नव्हे. सुरक्षेचे कारण नसताना अचानक ब्रेक लावणे हेही नियमात बसत नाही. दोघांचीही चूक असेल तर भरपाईची जबाबदारी वाटली जाऊ शकते. रस्त्यावर आवाज कोणाचा मोठा, गाडी कोणाची महागडी किंवा मदतीला माणसे कोणाची जास्त, याला कायद्यात काहीही अर्थ नाही. अर्थ असतो तो पुराव्याला. म्हणून गाड्या हलवण्यापूर्वी दोन्ही नंबरप्लेट, गाड्यांची स्थिती आणि रस्ता दिसेल अशी छायाचित्रे काढणे महत्त्वाचे. ती काढून झाल्यावर गाड्या बाजूला घेऊन वाहतूक मोकळी करावी.

समोरच्याच्या नुकसानीसाठी कोणता विमा?

मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 146नुसार थर्ड पार्टी विमा प्रत्येक वाहनाला सक्तीचा आहे. तो नसल्यास पहिल्या वेळी 2,000 रुपये आणि त्यानंतर 4,000 रुपये दंडाची तरतूद आहे, तुरुंगवासही होऊ शकतो. या विम्यात समोरच्या व्यक्तीला झालेली इजा तसेच तिच्या मालमत्तेचे नुकसान येते. खासगी मोटारीसाठी मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा सर्वसाधारणपणे साडेसात लाख रुपये, तर दुचाकीसाठी एक लाख रुपये असते. मात्र प्रीमियम थोडा कमी करण्यासाठी ही मर्यादा केवळ 6,000 रुपयांवर आणण्याचा पर्यायही असतो. तो आपण निवडला आहे का, हे पॉलिसीत पाहायला हवे.

खरी अडचण पुढे येते. समोरच्या वाहनाच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई हवी असेल आणि आपसात मिटत नसेल, तर वाट मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाते. आठ-दहा हजारांच्या बंपरसाठी वकील आणि तारखा कोणी करत नाही. चूक समोरच्याची असूनही बहुतेक जण स्वत:च्या विम्यातून किंवा स्वत:च्या खिशातून दुरुस्ती करतात, त्याचे कारण हेच.

स्वत:च्या गाडीचे काय?

केवळ थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर स्वत:च्या गाडीच्या दुरुस्तीला विमा कंपनी एक रुपयाही देत नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ संरक्षण असलेली, म्हणजे सर्वसमावेशक पॉलिसी लागते. त्यातही पूर्ण बिल मिळत नाही. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो, धातूच्या भागांवरील कपात गाडीच्या वयानुसार वाढते, काचेवर मात्र घसारा नसतो. शिवाय 1,500 सीसीपर्यंतच्या मोटारीसाठी दर दाव्यामागे 1,000 रुपये आणि त्यावरील मोटारीसाठी 2,000 रुपये मालकाला भरावे लागतात. ‘झिरो डेप्रिसिएशन’ हे जोड-संरक्षण घेतले असेल तर घसाऱ्याची कपात टळते, हे 1,000 किंवा 2,000 रुपये मात्र टळत नाहीत.

दावा करणे परवडते का?

वर्षभरात दावा केला नाही तर नूतनीकरणाच्या वेळी ओन डॅमेज प्रीमियमवर सवलत मिळते. हाच ‘नो क्लेम बोनस’. तो 20, 25, 35, 45 आणि 50 टक्के असा दरवर्षी वाढतो. एक दावा केला की पुढच्या नूतनीकरणाला तो शून्यावर येतो.

उदाहरणार्थ, 1,200 सीसीच्या गाडीच्या दुरुस्तीचे बिल करांखेरीज 9,000 रुपये आले. बंपर 5,000, रंगकाम 3,000 आणि मजुरी 1,000. बंपरवर निम्मा घसारा, म्हणजे 2,500 रुपये गेले. रंगकामाच्या एक चतुर्थांश रक्कम साहित्याची धरून तिच्या निम्मे, म्हणजे 375 रुपये गेले. वर 1,000 रुपयांची सक्तीची कपात. हाती उरतात 5,125 रुपये.

आता दुसरी बाजू. ओन डॅमेज प्रीमियम 8,000 रुपये आहे आणि पुढच्या वर्षी 45 टक्के बोनस मिळणार होता असे धरू. दावा केल्यास पुढच्या वर्षीची 3,600 रुपयांची सवलत बुडते. त्यानंतरच्या वर्षी 50ऐवजी 20 टक्केच मिळाल्याने आणखी 2,400 रुपये जातात. दोनच वर्षांत 6,000 रुपये, म्हणजे मिळालेल्या भरपाईपेक्षा जास्त. बोनस सुरक्षित ठेवणारे जोड-संरक्षण असेल तर हे गणित बदलते. म्हणून आधी गॅरेजकडून खर्चाचा अंदाज घ्यावा आणि मगच दाव्याचा निर्णय घ्यावा. मात्र गाडी दुरुस्त करून मग दावा करू, असे म्हणून चालत नाही. कंपनीला तातडीने कळवणे आणि पाहणीची संधी देणे ही पॉलिसीची अट असते.

रस्त्यावरच पैसे देऊन मिटवले तर?

आपसात मिटवणे हा गुन्हा नाही. पण नेहमीच्या मोटार पॉलिसीत एक अट असते, जी फार कमी लोक वाचतात. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक मान्य करू नये, भरपाईचे आश्वासन देऊ नये आणि पैसेही देऊ नयेत. ‘माझी चूक झाली, सगळा खर्च देईन’ असे घाईत कागदावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिले आणि पुढे रक्कम वाढली, तर कंपनी हात वर करू शकते. विचारपूस, मदत, फोन नंबर आणि पॉलिसीचा तपशील देणे यात काही गैर नाही. चुकीची कबुली आणि रकमेचे आश्वासन मात्र टाळावे.

पोलिसांना कळवावेच लागते का?

कायद्याचे कलम 134 चालकावर जबाबदारी टाकते. अपघातात कोणी जखमी झाले किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले आणि घटनास्थळी पोलीस नसतील, तर जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त 24 तासांत माहिती द्यावी लागते. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि विमा कंपनीला लेखी कळवणेही त्यातच येते. ओरखड्यासाठी सहसा कोणी ठाण्याची पायरी चढत नाही. मात्र दुचाकीस्वार किंवा पादचारी पडला असेल तर ‘काही झाले नाही’ या त्याच्या शब्दावर निघून जाऊ नये. मुका मार अनेकदा दुसऱ्या दिवशी जाणवतो. तेव्हा तक्रार झाली तर दिलेल्या पाचशे रुपयांचा उल्लेख कुठेच नसतो, उरतो तो पळून गेल्याचा आरोप.

विमा कंपनीने दावा नाकारला तर?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर पॉलिसीधारकाला विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. तेथे शुल्क लागत नाही आणि वकिलाचीही गरज नसते. लागतात ती कागदपत्रे आणि अपघाताच्या वेळी काढलेली छायाचित्रे. भांडणात गेलेल्या पाच मिनिटांपैकी दोन मिनिटे त्यासाठी पुरेशी असतात.