पगार खात्यात, पण मालक कोण?

पगारवाढीचा मेल येतो, ऑफिसात पार्टी होते आणि तीन महिन्यांत ती वाढ कुठे गेली ते कळतच नाही. फोन बदलतो, शनिवारचं जेवण जरा वरच्या हॉटेलात सरकतं, गाडीचा ईएमआय सुरू होतो. पैसे पूर्वी पंचवीस तारखेला संपायचे, आताही पंचवीसलाच संपतात. ओळखीचं वाटतंय ना?

ख्रिस्ती घरांत यावर एक जुना शब्द आहे, कारभारी. मालकाची मालमत्ता त्याच्या माघारी सांभाळणारा माणूस. फंडा साधा आहे. पैसा, वेळ, हुशारी, सगळं देवाचं. आपण फक्त सांभाळणारे. हे एकदा पटलं की प्रश्नच उलटा होतो. ‘मी देवाला किती देऊ?’ हा प्रश्न राहत नाही. ‘त्याच्यातलं मी स्वतःवर किती खर्चू?’ असं विचारावं लागतं.

इथे बरेच जण दशमांशाशी थांबतात. उत्पन्नाचा दहावा हिस्सा दिला की सुटलो, उरलेले नव्वद टक्के आपले! पण कारभाऱ्याला अशी सूट नाही. त्याला हिशेब पूर्ण शंभराचा द्यायचा असतो.

मेथडिस्ट चळवळीचे प्रणेते जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकातल्या एका प्रवचनात एका तरुणाचं गणित सांगितलंय. तो तरुण म्हणजे खुद्द वेस्लीच, असं मानतात. वर्षाची कमाई ३० पौंड. २८ मध्ये भागवलं, २ दिले. पुढच्या वर्षी कमाई ६०. खर्च २८, दिले ३२. मग ९०, त्यातले दिले ६२. चौथ्या वर्षी १२०, खर्च तरीही २८! त्याने आधी ठरवला तो खर्चाचा आकडा. दान आपोआप वाढत गेलं.

तुम्ही म्हणाल, त्याला कुठे घराचे हप्ते आणि मुलांच्या फिया होत्या? मान्य. आई-बाबांची औषधं थांबवून दान करा, असंही कोणी म्हणत नाही. घरच्यांची काळजी घेणं हा कारभाराचाच भाग. २८ चा हट्ट नको, पण रेष तर आखता येईल? ‘पुढच्या वाढीतली निम्मी रक्कम माझ्या राहणीला शिवणार नाही.’ हे झालं पहिलं टार्गेट.

दुसरं टार्गेट तारखेचं. पहिल्या शतकात संत पौलाने करिंथच्या मंडळीला यरुशलेममधल्या गरजूंसाठी मदत जमवायला सांगितली. पद्धत काय? आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ज्याच्या त्याच्या मिळकतीप्रमाणे, रक्कम बाजूला काढून ठेवायची. चक्क एसआयपी! महिनाअखेरीला उरेल त्यातून देऊ म्हटलं, तर उरत काहीच नाही. पगार जमा होतो त्याच दिवशी वेगळ्या खात्यात ऑटो-ट्रान्स्फर लावा. रक्कम छोटी असली तरी चालेल.

तिसरं टार्गेट हुनराचं. ‘टॅलंट’ हा इंग्रजी शब्द आजच्या अर्थाने आला तोच येशूच्या एका दाखल्यातून. तेव्हा टॅलंट म्हणजे मजुराच्या साधारण वीस वर्षांच्या मजुरीएवढी रक्कम. मालकाने एका चाकराला असा एक टॅलंट दिला आणि त्याने तो जमिनीत पुरून ठेवला. त्याने चोरी केली नाही, उधळपट्टीही नाही. पैन्‌पै परत केली, तरी बोलणी खाल्ली! कारण नुसतं जपून ठेवणं म्हणजे सांभाळणं नव्हे. तुम्हाला हिशेब येतात? महिन्यातून दोन तास एखाद्या छोट्या संस्थेची वहीखाती बघा. इंग्रजी चांगलंय? इंटरव्ह्यूला घाबरणाऱ्या एखाद्या पोराची तयारी करून घ्या. दिवस आणि वेळ मात्र आधी ठरवा, नाहीतर ‘बघू कधीतरी’ होतं.

आणि हिशेब? महिनाअखेरीला बँक स्टेटमेंट उघडा, नवऱ्यासोबत, बायकोसोबत किंवा जवळच्या मित्रासोबत. प्रार्थनेत आपण काय महत्त्वाचं म्हणतो आणि स्टेटमेंट काय म्हणतं, ते शेजारी ठेवून बघा. थोडं टोचेल, पण पुढच्या महिन्याचं टार्गेट त्यातूनच सापडेल.

तेव्हा खर्चाचा तो आकडा आजच लिहून ठेवा. पगारवाढीचा मेल यायच्या आत. मेल आल्यावर सगळेच खर्च गरजेचे वाटायला लागतात!